वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांची कोरडी त्वचा: आंघोळीच्या तयारीपासून रात्रीच्या मोज्यांपर्यंत

आजींच्या पायातला निळा मोजा काढून उलटा झटकला, तर फरशीवर पिठासारखा पांढरा कोंडा पडला. नडगीवर आडव्याउभ्या बारीक भेगा होत्या, मे महिन्यात धरणातला गाळ तडकतो तशा. उशाशी मॉइश्चरायझरच्या दोन बाटल्या. "रोज लावते हो सिस्टर," मावशी म्हणाल्या, आणि त्या खरंच रोज लावत होत्या. पहाटे साडेपाचला कडकडीत पाण्याची आंघोळ, अंगभर साबण, खरखरीत पंच्याने पुसणं, मग चहा, नाश्ता, गोळ्या, आणि सगळ्यांचं आवरून हात मोकळा झाला की दहाच्या सुमारास क्रीम. तोवर त्वचेतलं पाणी उडून साडेचार तास झालेले असायचे.

नाशिकमधल्या वृद्धाश्रमांत मी बरीच वर्षं नर्स म्हणून जाते. कोरड्या त्वचेची तक्रार आली की सगळे नवीन क्रीम कोणतं आणायचं ते विचारतात. बहुतेक ठिकाणी आहे ते क्रीम पुरेसं असतं. ते चुकीच्या वेळी, चुकीच्या पाण्यानंतर आणि चिमूटभर लावलं जातं. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. पायऱ्या गाळू नका, पुढेमागे करू नका.

एवढं लक्षात ठेवा: वय वाढतं तशी त्वचा पातळ होते, तिच्यातलं तेल आणि स्निग्धांश कमी होतात. ती पाणी धरून ठेवू शकत नाही. आपल्याला तिला पाणी द्यायचं आहे आणि ते उडायच्या आत त्यावर झाकण ठेवायचं आहे.

१. आधी अंग बघा, मग बाटली उघडा

पहिल्या दिवशी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पूर्ण अंग बघायचं. ट्यूबलाइटखाली निम्मं दिसत नाही. दार लावा, पडदा ओढा आणि आधी विचारा: "आजी, पाय बघू का जरा?" स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनाही विचारायचंच. न विचारता कपडा ओढला की ते घाबरतात, हात झटकतात, आणि त्या झटापटीत पातळ कातडी फाटते.

बघायच्या जागा: नडग्या, टाचा, कोपर, हाताची मागची बाजू, पाठ, कंबर, ढुंगण, बोटांच्या बेचक्या, स्तनांखालची घडी, जांघा. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही, ती जांभळट किंवा काळपट वाटते. म्हणून डोळ्यांबरोबर हाताची मागची बाजू वापरा. गरम लागतंय का? कडक लागतंय का?

साधा कोरडेपणा दोन्ही बाजूंना सारखा असतो. नख हलकेच ओढलं तर पांढरी रेघ उमटते, कोंडा निघतो, अंग खरखरीत लागतं आणि थंडीत वाढतं. असं असेल तर पुढच्या पायरीला जा. खालीलपैकी काही दिसलं तर तो भाग क्रीमने झाकू नका, आधी डॉक्टरांना दाखवा:

- एकच पाय लाल, गरम, सुजलेला आणि दुखरा. हे त्याच दिवशी दाखवायचं.
- पाण्याने भरलेले टणक फोड.
- घड्यांमध्ये ओलसर लाली, किंवा कडा उठलेले गोल चट्टे. ही बुरशी असू शकते. क्रीमच्या ओलाव्याने ती वाढते.
- माकडहाड, खुबा, टाच अशा हाडावरच्या जागी लाल किंवा काळपट डाग. बोटाने थोडा वेळ दाबून सोडा. दाबल्यावर रंग फिका पडलाच नाही, तसाच राहिला, तर ती अंथरुणव्रणाची सुरुवात असू शकते. तिथे अजिबात चोळायचं नाही, त्या कुशीवरचा भार काढायचा.
- अंगावर काहीच नाही, पण सगळीकडे कंड. किडनी, यकृत, थायरॉइड, कमी झालेलं लोह किंवा नुकतंच सुरू केलेलं औषध यामुळे असं होऊ शकतं.

खरूज हा वेगळा विषय, आणि सगळ्यात जास्त चुकणारा

यावर थोडं थांबते, कारण यात एकाची चूक साऱ्या आश्रमाला महागात पडते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती, काखेत, बेंबीपाशी बारीक पुटकुळ्या, आणि शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनाही तेच, असं दिसलं की आधी खरजेचा संशय घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती कधीकधी जाड, पापुद्र्यांसारख्या खवल्यांच्या रूपात येते आणि खाज फारशी नसते. मग सगळे म्हणतात, "थंडीचं कोरडं झालंय." महिनाभर क्रीम चोळलं जातं आणि तोवर मावश्यांच्या हातावरही पुटकुळ्या येतात.

मोठ्या माणसांसाठी डॉक्टर बहुतेकदा ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम देतात. ते मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखालीसुद्धा लावून ८ ते १४ तास ठेवायचं आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचं. वयस्करांना डोक्यालाही लावायचं का, ते डॉक्टर सांगतील. महत्त्वाचं असं की खोलीतल्या सगळ्यांना आणि हाताळणाऱ्या मावश्या-मामांना उपचार एकाच दिवशी व्हायला हवा, खाज असो वा नसो. एकेकाला वेगवेगळ्या आठवड्यात दिला तर खरूज फिरत राहते. त्या दिवशीचे कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवा. एक आठवडा ठेवलं तर उत्तम. उपचारानंतरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळू शकते. तेवढ्यावरून औषध पुन्हापुन्हा चोळू नका.

तपासा: सगळं अंग बघून झालं? कागदावर माणसाची साधी बाह्यरेषा काढून भेगा, ओरखडे, डाग तारखेसह खुणा करून ठेवा. पंधरा दिवसांनी याच कागदाशी ताडून बघायचं आहे.

२. सामान: काय आणायचं आणि किती

धुण्यासाठी. साबणाच्या वडीचा सामू (पीएच) साधारण ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. रोज अंगभर वडी फिरवली की उरलंसुरलं तेलही निघून जातं. मेडिकलमध्ये "सिंडेट बार" किंवा "सोप-फ्री क्लिन्झर" मागा, वास नसलेला. तेवढं बजेट नसेल तर वेष्टनावरचा टीएफएमचा (साबणातल्या स्निग्धांशाचा) आकडा बघून ७६ टक्क्यांच्या वरचा साबण घ्या आणि पुढे सांगितलंय तेवढ्याच जागी वापरा. जंतुनाशक साबण आणि आंघोळीच्या पाण्यात टाकायचे जंतुनाशक द्रव कोरड्या त्वचेसाठी पूर्ण बंद. "स्वच्छ वाटतं" म्हणून टोपणभर ओतणारे हात मला दर महिन्याला थांबवावे लागतात.

लावण्यासाठी. जितकं घट्ट आणि स्निग्ध, तितकं पाणी अडवणारं. लोशन पातळ असतं, लवकर पसरतं आणि लवकर संपतं. नाशिकच्या हिवाळ्यात नडग्यांना ते पुरत नाही. घट्ट क्रीम किंवा व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, लिक्विड पॅराफिन असलेलं साधं मलम घ्या. साधी पेट्रोलियम जेलीसुद्धा ओल्या त्वचेवर उत्तम काम करते. युरिया असलेलं क्रीम (५ ते १० टक्के) खरखरीत अंगाला चांगलं, पण भेग उघडी असेल तर झोंबतं. म्हणून आधी साध्या मलमाने भेगा मिटवा, मग युरिया.

तेलाचं काय, हे मला प्रत्येक आश्रमात विचारतात. खोबरेल चालतं. आजींना त्याची सवय असते, वासही ओळखीचा. पण आंघोळीनंतर ओल्या अंगावर, आंघोळीआधी नाही. आधी चोळलेलं तेल साबणाने काढून टाकायचं म्हणजे दुहेरी नुकसान, शिवाय न्हाणीघराची फरशी घसरडी. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल टाळा, ती कमजोर त्वचेला आणखी कमजोर करतात. निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत थापू नका. दुधाची साय तर नकोच. तिचा वास मारतो आणि मुंग्या लागतात.

किती लागतं. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी साधारण २५ ते ३० ग्रॅम. दिवसातून दोनदा म्हणजे आठवड्याला ३५० ते ४२० ग्रॅम. फक्त हातपाय आणि पाठ असेल तर साधारण निम्मं. १०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवली असं कोणी कौतुकाने सांगितलं, तर त्याचा अर्थ एवढाच की ती लावलीच गेली नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, संक्रांत अशा दिवशी लोक आश्रमात साबणाच्या वड्या आणि बिस्किटांचे पुडे घेऊन येतात. दारात फळा लावा: "साबण नको. वास नसलेलं घट्ट मॉइश्चरायझर, ५०० ग्रॅम." देणाऱ्याला काय द्यावं ते कळतं आणि तो आनंदाने देतो.

प्रत्येकाची बाटली वेगळी, नावाची चिठ्ठी लावलेली. डबा असेल तर हात बुडवायचा नाही, स्वच्छ चमच्याने तळहातावर काढायचं. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा.

सावध: पॅराफिन किंवा तेलाचं मलम कपड्यात आणि चादरीत मुरतं, आणि असं कापड ठिणगीने झपकन पेटतं. देवघरातली समई, उदबत्ती, आजोबांची विडी, पहाटेची शेकोटी, या सगळ्यांपासून मलम लावलेल्या माणसाला लांब ठेवा. मलम धुतल्यावरही कापडात थोडं उरतंच, म्हणून चादरी वरचेवर बदला.

३. आंघोळीआधीची तयारी

सगळा क्रम इथे ठरतो. वेळ बदला. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकड्यावर आल्याच्या बातम्या येतात तेव्हा नाशिकमध्येही पहाटे साडेपाचला कुणाला न्हायला घालू नये. माणूस काकडतो, म्हणून पाणी कडक करावं लागतं, आणि कडक पाणी त्वचेचं तेल धुऊन नेतं. ऊन वर आल्यावर, दहा ते अकराच्या सुमारास आंघोळी घ्या. "पूजा व्हायची आहे, पारोसं कसं बसू?" असं आजी म्हणतील. त्यांना पहाटे हातपाय-तोंड धुऊन, कपडे बदलून पूजेला बसवा. मी असं समजावलं तेव्हा बहुतेकींनी ऐकलं. ज्यांनी नाही ऐकलं त्यांना तेवढी पहाटेची आंघोळ द्या, पण कोमट पाण्याची आणि लगेच क्रीमची.

न्हाणीघरात जाण्याआधी हे सगळं हाताशी हवं: बसायचं स्टूल किंवा प्लास्टिकची खुर्ची, दोन मऊ सुती पंचे, क्लिन्झर, क्रीमची बाटली झाकण सैल करून, घालायचे कपडे उलगडून, मोजे, आणि नखं कापायची असतील तर नेलकटर. क्रीम खोलीतल्या कप्प्यात राहिलं की तीन मिनिटांचे तीस होतात. क्रीमची बाटली न्हाणीघराच्या दारात दिसल्याशिवाय नळ सोडायचा नाही, हा नियम मी जिथे लावला तिथे निम्मं काम झालं.

मावशींनी अंगठी आणि बांगड्या काढायच्या, नखं कापलेली हवीत. म्हाताऱ्या माणसाच्या हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ झालेली असते. एका बांगडीने ती सोलवटते.

४. आंघोळ: ५ ते १० मिनिटं, त्याहून जास्त नाही

पाणी कोपराने बघा. कोपराला नुसतं उबदार लागलं पाहिजे. त्यांच्या हाताला विचारू नका, मधुमेहात संवेदना गेलेली असते आणि "अजून गरम कर गं" हेच ऐकू येतं. गीझरचं पाणी थेट अंगावर नको. बादलीत आधी गार, मग गरम.

पाणी अंगभर, साबण मोजक्या जागी: काखा, स्तनांखाली, जांघा, मागची बाजू, पावलं. हातपाय, पाठ, पोट यांना रोज साबण लागत नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. ज्यांना फेसाशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही त्यांच्या हातावर थोडा क्लिन्झर देऊन छाती-काखा त्यांनाच धुऊ द्या. मन भरतं आणि हातांना व्यायामही होतो.

घासणी, वजरी, प्लास्टिकची जाळी, सगळं बाहेर. फक्त तळहात किंवा मऊ कापड. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घ्या. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर अंगावर राहतो, तिथे शेवटचा तांब्या जरा जास्त लागतो.

दिवाळीचा एक मुद्दा इथेच सांगते. नरक चतुर्दशीला तरुण मंडळी आश्रमात अभ्यंगस्नान घालायला येतात. प्रेमाने येतात, त्यांना परत पाठवू नका. पण उटणं कोरडं चोळू देऊ नका, भेगा पडलेल्या नडग्यांना तर नाहीच. खोबरेल तेलात कालवून तळहाताला आणि दंडाला हलकेच लावा, वास दरवळू द्या, ओवाळा. नडग्यांना त्या दिवशीही फक्त पाणी आणि क्रीम.

अंथरुणावरच स्पंजिंग असेल तर क्रम तोच. फक्त एक एक अवयव उघडा, पुसा, क्रीम लावा, झाका, मग पुढचा. सगळं अंग पुसून शेवटी क्रीम असं केलं तर पहिला हात वाळून गेलेला असतो.

५. टिपा आणि तीन मिनिटांत लावा

घासून पुसायचं नाही. मऊ पंचा अंगावर ठेवून दाबा, उचला, पुढे. घडीच्या जागा, म्हणजे काख, स्तनांखाली, जांघा, बोटांच्या बेचक्या, मात्र कोरड्या करा. बाकी अंग ओलसर राहू द्या. हात फिरवला तर दमट लागलं पाहिजे, पाणी निथळायला नको.

इथून घड्याळ सुरू. तीन मिनिटांच्या आत क्रीम लावायला सुरुवात झाली पाहिजे. हे जमायचं असेल तर न्हाणीघरातच, खुर्चीवर बसवून, दार लोटून लावा. खोलीपर्यंत चालत नेलं, पलंगावर बसवलं, स्वेटर शोधला, तोवर ओल गेली.

तपासा: हात फिरवल्यावर अंग कोरडं लागतंय? म्हणजे उशीर झाला. ओला पंचा पिळून पुन्हा एकदा फिरवा आणि मग क्रीम. कोरड्यावर लावलेलं मलम कोरडेपणावरच झाकण ठेवतं.

६. लावायची पद्धत

तळहातावर क्रीम घ्या आणि दोन हातांमध्ये जरा कोमट करा. अंगावर चार-पाच ठिकाणी ठिपके द्या. मग वरून खाली, लव ज्या दिशेला झुकते त्या दिशेने, सपाट हाताने पसरा. उलट दिशेने चोळलं की मलम केसांच्या मुळाशी साचतं आणि पुळ्या येतात. मुरेपर्यंत रगडायची गरज नाही. लावल्यावर अंग थोडं चमकत राहिलं तर प्रमाण बरोबर. दहा मिनिटांनी बघा. पूर्ण नाहीसं झालं असेल तर अजून एक हात द्या.

पायापासून सुरुवात करा, कारण नडग्या आधी वाळतात. मग हात, पाठ, पोट. पाठीला त्यांचा हात पोचत नाही, म्हणून ती नेहमी राहून जाते आणि रात्री कंड तिथूनच सुटतो.

जिथे लावायचं नाही: पायाच्या बोटांच्या बेचक्या, जांघेची घडी, उघडी जखम. डायपरच्या जागेसाठी हे क्रीम नाही. तिथे झिंक ऑक्साइडसारखं ओल अडवणारं मलम, पातळ थरात.

डॉक्टरांनी औषधी मलम दिलं असेल तर दोन्ही एकावर एक थापू नका. मध्ये २० ते ३० मिनिटं जाऊ द्या, आधी कोणतं ते त्यांनाच विचारा.

सावध: तळपायाला क्रीम लावल्यावर मोजे आणि घट्ट बसणारी चप्पल घातल्याशिवाय उठवू नका. तळहातावरचं क्रीम पुसा, नाहीतर वॉकरची मूठ हातातून सटकते. न्हाणीघराची फरशी लगेच कोरडी करा. त्वचा वाचवताना खुबा मोडला असं होऊ नये.

७. रात्रीचा हात

सकाळचं बहुतेक ठिकाणी सुधारतं, रात्रीचं सुटतं, कारण रात्रपाळीला एकच मावशी असते. तरीही हा हात लागतोच. खाज रात्रीच वाढते, माणूस झोपेत खाजवतो, आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके सापडतात.

सोपं करा. संध्याकाळी हातपाय-तोंड धुतात तेव्हाच, ओल्या हातापायांवर, पूर्ण अंगाऐवजी फक्त नडग्या, हात आणि पाठ. एका माणसाला चार मिनिटं लागतात. ज्यांचे हात चालतात त्यांच्या हातात बाटली द्या आणि आपण पाठ करा. आजी एकमेकींच्या पाठीलाही लावतात, तेवढ्यात गप्पाही होतात. मात्र खरजेचा संशय असेल तोवर हे नाही.

८. टाचा

टाचेच्या भेगांना वेगळा वेळ द्या. मधुमेह नसेल तर कोमट पाण्यात ५ ते १० मिनिटं पाय, मग टिपणं, मग टाचेला जाड थर. इथे २० टक्क्यांपर्यंतचं युरिया चालतं, भेग खोल नसेल तर. वरून सुती मोजे घालून रात्रभर. कोकमाचं तेल कोमट करून भेगांत भरायची जुनी पद्धत आजींना माहीत असते. चालेल, पण कोमट म्हणजे कोमटच. वितळलेलं गरम तेल भेगेत ओतून फोड आलेला पाय मी पाहिला आहे.

मधुमेह असेल तर पाय भिजवत ठेवायचे नाहीत. ब्लेडने कातडी तासायची नाही, काशाच्या वाटीने घासायचं नाही, गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवायची नाही. रोज तळपाय उजेडात बघायचे. भेगेतून रक्त, पाणी, वास किंवा काळा डाग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना.

९. कपडे, अंथरूण, हवा, पाणी

लोकर थेट अंगाला नको. आत जुना मऊ सुती सदरा, वर स्वेटर. नवी चादर आधी दोनदा धुऊन मगच अंथरा. डिटर्जंट नीट निघू द्या, वासाचे लिक्विड घालू नका.

शेकोटीशी किंवा हीटरसमोर पाय पसरून बसायची सवय नडग्या करपवते. रोजच्या धगीने पायावर जाळीसारखे तपकिरी डाग येतात. ऊन द्या, गोधडी द्या, पाय आगीपासून लांब ठेवा.

पाणी पुरेसं प्यायला हवं, पण जास्त प्यायल्याने कोरडी त्वचा आपोआप ओली होत नाही. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी ठरवलेलं माप मोडू नका. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या आणि काहींना कोलेस्टेरॉलच्या गोळ्या यांनीही त्वचा कोरडी पडते. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं.

हे सगळं कोजागिरीपासून सुरू करा. पहिली भेग दिसायची वाट बघू नका. होळीनंतर लगेच थांबवूही नका. एप्रिलची कोरडी दुपारही अंग वाळवते.

१०. खाज सुटली तर

खाजवू नका म्हणून सांगून कोणी थांबत नाही. गार, ओला पंचा पाच मिनिटं ठेवा, मग लगेच क्रीम. क्रीमची बाटली दिवसा गार जागी ठेवली तर अधिक आराम पडतो. नखं दर आठवड्याला कापून कडा घासा.

दोन गोष्टी दुकानातून परस्पर आणू नका. पहिली, खाजेचं "तीन औषधं एकत्र" असलेलं मलम. त्यात बहुधा तीव्र स्टिरॉइड असतं. चार दिवस जादू वाटते, मग कातडी आणखी पातळ होते, बुरशी असेल तर पसरते. दुसरी, खाजेची झोप आणणारी गोळी. वयस्कर माणसाला तिने गुंगी येते, गोंधळ उडतो, लघवी अडते, रात्री उठताना तोल जातो.

खाजवून कातडी सोलली आणि पापुद्रा लोंबत असेल तर तो ओढून काढू नका. स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा, ओल्या कापसाने पापुद्रा हलकेच जागेवर बसवा, न चिकटणारी पट्टी ठेवून वरून बँडेज गुंडाळा. चिकटपट्टी कातडीवर थेट लावली तर काढताना दुसरी जखम होते.

११. नोंद

पलंगामागे एक कागद. त्यावर सकाळ-रात्र खूण, लावणाऱ्याचं नाव, आणि बाटली उघडल्याची तारीख. खुणांपेक्षा मी बाटलीची तारीख आधी बघते. दोनदा अंगभर लावताय आणि ५०० ग्रॅमची बाटली तीन आठवडे झाले तरी अर्धी आहे, तर खुणा खोट्या आहेत किंवा हात आखडता आहे. रागावण्याआधी विचारा. बहुतेक वेळा एका मावशीकडे बारा आंघोळी असतात आणि खरी अडचण तिथे असते. मग सगळ्यांची आंघोळ रोज न ठेवता निम्म्यांना एक दिवसाआड ठेवा, मधल्या दिवशी स्पंजिंग आणि क्रीम. कोरड्या त्वचेला ते उलट मानवतं.

पंधरा दिवसांनी पहिला कागद काढून खुणा ताडा. भेगा मिटल्या, कोंडा कमी झाला, रात्रीची झोप लागली, तर तसंच चालू ठेवा. दोन आठवडे नीट लावूनही फरक नाही, किंवा भेगांतून पाणी, पिवळी खपली, ताप असं काही आलं, तर जिल्हा रुग्णालयाच्या किंवा जवळच्या त्वचारोग तज्ज्ञाला दाखवा. जाताना तो कागद, चालू गोळ्यांची यादी आणि वापरत असलेली बाटली सोबत न्या.

निळ्या मोज्याच्या आजींकडे आम्ही एवढंच बदललं: आंघोळ दहाला, क्रीमची बाटली न्हाणीघराच्या दारात, रात्रीच्या चार मिनिटांसाठी शेजारच्या आजींची मदत. अठराव्या दिवशी मोजा उलटा करून झटकला. फरशीवर काही पडलं नाही.